दुर्पताबाईची नक्षी

दुर्पताबाई कोणाच्याही घरात शिरली की आधी वर पाहायची. माणसं समोर बसलेली, चहा टाकलेला, "या, बसा" चाललेलं, आणि हिची मान वर. डोळे बारीक करून माळ्याचा कोपरान् कोपरा न्याहाळायची आणि मग घरच्या बाईला विचारायची, "ते काय वं, तिकडं? उलटं पडेल हाय ते?" बाई म्हणायची, काही नाही, सासूच्या वेळचं काहीतरी. झालं! दहा मिनिटांत शिडी लागायची, धुळीचा लोट उठायचा आणि त्यातून दुर्पताबाई खोकत खोकत खाली उतरायची. काखेत एखादं घंगाळ नाहीतर काच गेलेला कंदील. चहा तोवर थंड झालेला असायचा, आणि तो ती तसाच घटाघट पिऊन टाकायची.

कामरगावजवळच्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सोळा वर्षं शिकवलं. दुर्पताबाई तिथं खिचडी शिजवायची. खिचडी हे तिचं काम आणि सजावट हे तिचं वेड. बारसं असो, डोहाळजेवण असो, हळद असो, गावात कोणाकडं कार्य निघालं की हिला बोलावणं यायचं. कारण हिच्या सजावटीला बाजारातून काही आणावं लागत नसे. घरात, गोठ्यात, वावरात जे पडलेलं असेल त्यातूनच ती उभी राहायची. दुर्पताबाई स्वतः बुटकी, काळीसावळी, कमरेला सुतळीची गुंडी खोचलेली. हाताला कायम चिंचेचा वास, कारण हात मोकळे असले की ती कोणाचं तरी पितळ घासत बसलेली असे.

तिचं शास्त्र एकच. "उभं करून पाहा." वस्तू आडवी पडली की भंगार आणि उभी केली की शोभा, असं तिचं म्हणणं. मोडकं सूप असो की बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, सुटलेलं चाक, ती ते भिंतीला टेकवून उभं करायची, चार पावलं मागं जायची, मान कलती करून बघायची आणि पुन्हा जाऊन बोटभर सरकवायची. कोणी घाई केली तर म्हणायची, "थांब बापा, ते आत्ता कुठं बसून राह्यलं." मग आपणही गप्प उभं राहायचं आणि ते चाक बसायची वाट पाहायची. दुसरा इलाज नसे.

आमची पहिली भेट काही गोड नव्हती. मी अमरावतीहून नवीन आलेली, स्वभावानं आधीच तापट, त्यात स्नेहसंमेलनाची जबाबदारी माझ्यावर. मी कारंजाहून थर्माकोल आणि ढीगभर फुगे आणले. सकाळी फुगवून मांडवाला लावले आणि दहा वाजता ऊन तापल्यावर ते फटाफट फुटायला लागले. पहिलीतली दोन लेकरं भोकाड पसरून रडायला लागली. खिचडीच्या खोलीतून दुर्पताबाई हात पुसत बाहेर आली.

"मॅडम, फुग्याचं असंच असते," ती म्हणाली. "सारा कार्यक्रम तो कवा फुटते याचीच वाट पाहा लागते."

मला इतका राग आला! पण पाहुणे दुपारी येणार होते. तेवढ्या वेळात तिनं शेजारच्या वावरातून तुराट्या आणवल्या, म्हणजे तुरीची वाळलेली झाडं. त्यांची चौकट बांधली, चौकटीत कापसाची उमललेली बोंडं देठासकट खोचली आणि तांदळाची रिकामी पोती धुऊन त्यांचा मागं पडदा सोडला. पोत्यांवर पळसाची पानं टाचली. मी काही मदत केली नाही. खरंच सांगते, मी फुगून बसले होते. पाहुणे भाषण करता करता मागं वळून पडद्याकडंच पाहत होते आणि मी पुढचे दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिला त्याचा पत्ताही नव्हता. तिसऱ्या दिवशी तिनं मला डबाभर खिचडी आणून दिली आणि विचारलं, "मॅडम, तुमची तब्येत बरी नाई काय?" आता अशा बाईवर माणूस किती दिवस रागावणार?

पुढं ती माझ्या भाड्याच्या खोलीतही आली आणि अर्थातच आधी वर पाहिलं. वर काही नव्हतं. मग ती वाकून पलंगाखाली बघायला लागली. तिथं माझ्या वडिलांची लोखंडी पेटी होती. वडीलही मास्तर. आयुष्यभर बदलीच्या गावाला ती पेटी घेऊन फिरले. पांढऱ्या रंगात लिहिलेलं त्यांचं नाव गंजानं अर्धं खाल्लं होतं. मला ती पेटी टाकवतही नव्हती आणि कोणाला दाखवायची लाजही वाटत होती. मी हे सगळं सांगितलं. दुर्पताबाई माझ्याकडं पाहतच राहिली.

"आन् बापाले पलंगाखाली ठेवता काय वं?"

 तिनं पेटी ओढून बाहेर काढली, फडक्यानं पुसली, गोडेतेलाचा हात फिरवला आणि खिडकीखाली ठेवली. वर माझ्याच जुन्या साडीची चौपदरी घडी अंथरली, त्यावर तांब्याचा गडवा, गडव्यात लिंबाची डहाळी. नाव समोर दिसेल अशी पेटी तिनं फिरवली. त्या संध्याकाळी मी त्या पेटीपाशी बसून रडले, आणि तिनं मला रडू दिलं.

एकदा शाळेत नव्यानं आलेल्या एका तरुण शिक्षिकेनं तिला मोबाईलवर फोटो दाखवले. पुण्याच्या कुठल्याशा हॉटेलातली वाढदिवसाची पार्टी. विंटेज थीम म्हणे. गवताच्या पेंढ्या मांडलेल्या, लाकडाचे ओबडधोबड बाक, कंदील टांगलेले, गोणपाटाचे पडदे. दुर्पताबाईनं मोबाईल हातात धरून एकेक फोटो नीट पाहिला.

"हा तं आपला गोठा हाय!" ती म्हणाली. "शयरातले लोक पैसे देऊन गोठा बांधून राह्यले काय?"

शिक्षिका म्हणाली, "हो, आणि खूप महाग पडतो."

"मंग त्याहीले म्हना इकडं या. शेनाचा वास आमी फुकटात देऊ."

असं हसली, असं हसली की खिचडी खाली लागली. पण घरी जाताना मला हळूच विचारलं, "मॅडम, त्या पेंढ्याईले त्याहीनं सुतळी कशी बांधली होती? गाठ दिसत नोती. मले ते पायजे." गाठ लपवायला ती पुढं आठवडाभर शिकत होती.

दुर्पताबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेही एका बकरीमुळं. गावातल्या किराणा दुकानदाराच्या नातवाचा, सोनूचा, पहिला वाढदिवस होता. गोणपाटावर ज्वारीच्या कणसांनी अक्षरं काढायची अशी तिची कल्पना. खडूनं अक्षरं मी काढून दिली, 'सोनूचा वाढदिवस'. तिनं माझ्या रेघेवर रेघभरही इकडं तिकडं न होता कणसं टाचली. इतकं सुंदर दिसत होतं! आम्ही जेवायला गेलो आणि तेवढ्यात शेजारची बकरी येऊन नेमकं 'वाढ' खाऊन गेली. उरलं फक्त, 'सोनूचा दिवस'. आता माणसाचे दिवस कधी करतात हे आपल्याकडं कोणाला सांगायला नको. पोराच्या आजीनं ते वाचलं आणि छाती बडवूनच घेतली. मांडवात ही बोंब! दुर्पताबाई धावत आली. गोणपाटाकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं आणि म्हणाली, "चार कनसं तं खाल्ली बकरीनं. त्याच्यात रडाचं काय एवढं?"

तिला खरंच कळत नव्हतं. मी तिच्या कानात सांगितलं तेव्हा तिनं जीभ चावली आणि पोराला उचलून त्याची दृष्ट काढली. मी रिकाम्या जागी खडूनं 'मोठा' लिहिलं, तिनं कणसं टाचली आणि 'सोनूचा मोठा दिवस' साजरा झाला. मग मी विचारलं, "दुर्पताबाई, तुम्हाला वाचता येत नाही?"

"नाई येत. पन अक्षर पाहाले मले लय आवडते," ती म्हणाली. "तुमचं ते दोन डोयेवालं हाय ना, ते तं लयच." दोन डोळ्यांचं म्हणजे 'ळ'. तिच्यासाठी अक्षर म्हणजे एक नक्षीच होती, रांगोळीतल्या ठिपक्यांसारखी. मी म्हटलं, मी शिकवते. पदर झटकून म्हणाली, "आता कायले? वाचाले शिकली तं माह्या हातून सुटेल ती नक्षी." मी मास्तरीण असून तो विषय तिथंच सोडला. आजही मला त्याची हळहळ वाटते.

आता आरतीच्या लग्नाचं सांगते. दुर्पताबाईची खरी ओळख मला तिथंच झाली.

कांता म्हणून एक बाई दुर्पताबाईच्या जोडीनं शाळेत खिचडी शिजवायची. आरती तिची मुलगी, माझ्याच हाताखाली शिकलेली. किन्हीराजाचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घरची शेती, माणसं बरी. काही मागितलं नव्हतं. पण मोठी सून येताना ट्रकभर आंदण घेऊन आली होती, हे कांताच्या कानावर आलं. आंदण म्हणजे लेकीला संसारासाठी द्यायच्या वस्तू. लग्नात मांडवाच्या कडेला त्या मांडून ठेवतात आणि अख्खी वरात येऊन पाहते. कांताकडं होता एक पलंग, एक लोखंडी कपाट, मिक्सर आणि स्टीलची थोडी भांडी. एवढ्या मोठ्या मांडवात ते कोपऱ्यात जाऊन बसलं असतं.

"पोरीले जनमभर आयका लागंल," कांता खिचडी ढवळता ढवळता रडत होती. "मोठीनं ट्रक आनला, धाकटीनं काय आनलं?"

"ढवय नीट, खाली लागते," दुर्पताबाई म्हणाली. आणि मग, "मले दोन दिवस दे. तुह्या आंदनाकडं कोनी मोजाले येनारच नाई. पाहालेच येतीन."

दोन दिवस ती गावभर फिरली. तीस-बत्तीस घरांच्या माळ्यांवरून, देवळातूनसुद्धा पितळ उतरवलं. पाण्याचे मोठाले गुंड, घंगाळं, पराती, गडवे, समया. प्रत्येक बाईला शब्द दिला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांजेपर्यंत भांडं तुह्या घरी. चिंच आणि राख लावून सगळं घासलं. लिंबाच्या झाडाखाली एक जुनी बंडी उभी केली, तिच्यावर रंगीत ठिगळांची वाकळ सोडली. बंडीत पलंग आणि कपाट, पुढं मिक्सर, स्टील, आणि दोन्ही बाजूंनी उतरत्या ओळीत पितळ. मधून मधून ज्वारीच्या पेंढ्या, गाठ न दिसणाऱ्या. वरात आली ती नवरा-नवरीला सोडून तिथंच जमली. पोरी फोटो काढत होत्या, म्हातारे चष्मे पुसत होते. आंदण किती, हे खरंच कोणी विचारलं नाही. कांताचा चेहरा मी पाहिला. ती पहिल्यांदाच ताठ उभी होती.

दुपारी जेवणं आटोपली, निघायची वेळ झाली. वराकडच्या चार तरुणांनी पलंग टेम्पोत चढवला, कपाट चढवलं. मिक्सर गेला. आणि मग त्यांनी, कोणी काही म्हणायच्या आत, पितळ उचलायला सुरुवात केली! पेंढ्या सोडून त्यात एकेक गुंड नीट गुंडाळून ते टेम्पोत रचत होते. नवरदेवाचा काका देखरेख करत उभा होता आणि मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होता, "वा! व्याह्यानं पितळच पितळ देलं. असं आंदन म्या तं पाह्यलं नाई!"

कांताच्या हातातलं ताट खाली पडलं. तिचा नवरा पुढं धावला, तोंड उघडलंच होतं त्यानं, तोच दुर्पताबाईनं मागून त्याचा सदरा धरला.

"एक शबद काढू नोको."

"अवं, सारं गाव चाललं टेम्पोत!"

"जाऊ दे. आत्ता सांगतलं की भांडी उसनी हायेत, तं पोरगी त्या घरात पाय ठेवाच्या आधीच हासू होईन तिचं. भांडी मी आनतो." आणि मग माझ्याकडं वळून, "मॅडम, चाला. आपन पाठराखीन म्हनून जाऊ."

नवरीच्या सोबतीला जायला आरतीची मावशी साडी बदलून जीपमध्ये तयार बसली होती. तिला उतरवून आम्ही दोघी जीपमध्ये बसलो. मांडवाच्या कडेला तीस-बत्तीस घरच्या बायका उभ्या होत्या. त्यांच्या आईच्या, सासूच्या हातची भांडी टेम्पोतून चालली होती.  त्या फक्त दुर्पताबाईकडं पाहत होत्या.

रस्ताभर मी बडबड करत होते. मुलाला बाजूला घेऊन सांगू, सरपंचांना मध्ये घालू, चिठ्ठी लिहू. "गप बसा मॅडम," ती म्हणाली, "मी इचार करून राह्यली." मग एकदम माझा हात धरला. किन्हीराजा येईपर्यंत सोडलाच नाही. तेव्हा मला कळलं की हिलाही काही सुचलेलं नाही.

आरतीच्या सासूचं नाव गोदावरीबाई. उंच, हडकुळी, नाकावर चष्मा, कमी बोलणारी. रोज सकाळी पोथी वाचल्याशिवाय चहा न घेणारी बाई. मापटं ओलांडून आरती घरात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यनारायण होता. उजाडल्याबरोबर दुर्पताबाईनं टेम्पोतलं पितळ अंगणात उतरवून घेतलं आणि चौरंगाभोवती मांडलं. गोदावरीबाई आली, एकेक भांडं पदरानं पुसत गेली, अगदी डोळ्यांजवळ धरून. मी मनात म्हटलं, वजन बघून राह्यली म्हातारी.

त्या सकाळी अजून एक गंमत चालली होती. दुर्पताबाई भांडी मांडून पूजेचं पाणी आणायला जाई, आणि परत येऊन पाहते तो भांडी फिरवलेली! ती पुन्हा सरळ करी. फुलं घेऊन आली की पुन्हा फिरवलेली.

"कोन फिरवते वं माही भांडी?" ती माझ्यावर करवादली. "नक्षी समोर दिसाले पायजे, हे लोक पाठ समोर करून राह्यले!"

मी म्हटलं, असेल कोणी पोरंसोरं. मला भांड्यांच्या तोंडाशी काय देणंघेणं? माझं सगळं लक्ष ही आता काय बोलणार याच्याकडं.

पूजा झाली. अंगण बायकांनी भरलं होतं. प्रसाद वाटून झाला आणि दुर्पताबाई डोक्यावर पदर घेऊन गोदावरीबाईसमोर जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागंच होते. 

"विहीनबाई," ती म्हणाली, "हे पितळ आमच्या गावानं पोरीसंगं धाडलं हाय. पोरगी कांताचीच नाई, साऱ्या गावाची हाय, म्हनून घराघरातून एकेक भांडं येते. आता आमच्याकडची रीत अशी हाय, का सासरच्या लोकाईनं त्याच्यात मूठमूठ धान्य घालाचं आन् भांडं माघारी धाडाचं. शेजारनीची वाटी आपन रिकामी देतो काय? तसंच."

अशी कोणतीही रीत नव्हती. मी सोळा वर्षं त्या गावात काढली, मला माहीत नसणार? तिनं ती तिथंच उभ्या उभ्या घडवली होती. काका लगेच पुढं सरसावला. "अशी रीत तं आमी कधी आयकली नाई बाप्पा!"

 आरती मान खाली घालून चौरंगाजवळ बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. ती हातातल्या बांगड्या मागंपुढं सरकवत होती.

गोदावरीबाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"आपन आयकली नाई म्हनून रीत नसते काय?" ती दिराला म्हणाली. मग मोठ्या सुनेला, "कोठीतले गहू आन वं. चांगले पाहून आन. गाव आपल्याले पोरगी देऊन राह्यलं."

आणि तिनं स्वतः बसून प्रत्येक भांड्यात मूठ घातली. सगळ्या भांड्यांत. त्याच टेम्पोतून पितळ सांजेच्या आत गावात परत आलं. बायका आपापलं भांडं छातीशी धरून घेऊन गेल्या, आणि दुर्पताबाई शाळेच्या पायरीवर बसून पाणी पाणी करत होती.

पुढं काय झालं असेल सांगा! पुढच्याच उन्हाळ्यात गावात दुसरं लग्न निघालं, तर बायका आपण होऊन भांडी घेऊन आल्या. रीतच पडली. मग शेजारच्या गावात. एका लग्नात तर एका गृहस्थांनी मलाच समजावून सांगितलं की ही आमच्या पूर्वजांपासून चालत आलेली परंपरा आहे. मी मान डोलावली. दुर्पताबाई मात्र प्रत्येक लग्नात म्हणायची, "पोरीची मान वर राह्यली ना, बस." पण एक भीती तिच्या मनात होती. कधीतरी, कोणाच्या तरी तोंडून, भांडी उसनी होती हे गोदावरीबाईला कळेल आणि आरतीला ऐकावं लागेल. आरती माहेरी आली की ती आधी विचारायची, "सासू बरी वागते ना वं?"

सहा वर्षांनी मी एका शाळेच्या कामानं किन्हीराजाला गेले आणि आरतीकडं डोकावले. आरती आत चहा करत होती. गोदावरीबाई ओसरीवर पोथी मिटून बसली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, "तुमच्या त्या दुर्पताबाई कशा हायेत? लय भोळी बाई. मारोतीच्या देवळाचं भांडं कोनी आंदनात देते काय?"

मला कळेना. मग तिनं सांगितलं. पितळेची भांडी आपण घेतो तेव्हा त्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घेतो. त्या सकाळी पहिला गुंड पुसला तर त्यावर एक नाव. दुसऱ्यावर दुसरं, आडनावही वेगळं. तिसरी एक मोठी परात, तिच्यावर तर 'श्री मारोती संस्थान' असंच लिहिलेलं!

"मी समजली. उसनं आनलं हाय," ती म्हणाली. "मांडवात लांबून कोनाले दिसलं नाई, आन् इथं अंगनात ती बाई सारी नावं समोर करून मांडून राह्यली! माह्या दिराले वाचता येते, साऱ्या बायकाईले येते. पोरगी पयल्याच दिशी खाली मान घालून बसली असती तं पुढं कोन वर करनार होतं? मी फिरवून ठेवू, ती पुन्हा सरळ करे. सकायभर हेच."

"मग तुम्हीच नवी रीत मान्य केलीत?"

"नाई तं काय करनार? मी तं वाटच पाहात होती, ही बाई काही तरी बोलते केव्हा."

मला अशी लाज वाटली! मी जन्मभर लेकरांना वाचायला शिकवलं, आणि त्या भांड्यांवर काय लिहिलंय हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

गावी आल्यावर मी दुर्पताबाईला हे सांगितलं. ती पितळ घासत होती. हात थांबला.

"ती नक्षी नोती?"

"नाही. नावं होती."

बराच वेळ ती त्या भांड्यावरच्या ठिपक्यांवरून चिंचेचा हात फिरवत राहिली. "म्हंजे पोरीची इज्जत मीच साऱ्याईले दाखवत होती," ती म्हणाली, "आन् ते बिचारी झाकत होती." मग हसायला लागली आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. त्या दिवशी चिंचेच्या पाण्यात पितळ तसंच पडून राहिलं.

दोन महिन्यांनी आरतीच्या दुसऱ्या मुलीचं बारसं होतं. दुर्पताबाईनं माझ्यामागं धोशाच लावला, मले घेऊन चाला. मी त्याच महिन्यात निवृत्त होऊन अमरावतीला परत जाणार होते, सामान बांधायचं होतं, तरी गेले. तिथं पोचल्यावर ती गोदावरीबाईला भेटली, "बऱ्या हाव ना?" "बऱ्या हाव," एवढंच झालं. त्या गोष्टीचा उच्चार नाही. दुर्पताबाईनं मान वर केली, माळा पाहिला आणि कामाला लागली. त्या घरचंच पितळ उतरवून घासलं आणि पाळण्यामागच्या भिंतीशी ओळीनं मांडलं. सगळ्या भांड्यांची नावं भिंतीकडं.

मला पुढची जीप गाठायची होती. निघताना दारातून पाहिलं तर गोदावरीबाई त्या ओळीसमोर उभी होती.  मग दुर्पताबाईशेजारी जमिनीवर बसली आणि एकेक भांडं उचलून नाव समोर करायला लागली.

"राहू द्या आता समोर. घरचीच भांडी हायेत."

दुर्पताबाईनं एका गुंडावर बोट ठेवलं. "याच्यावर काय लिवलं हाय?"

गोदावरीबाईनं तिचं बोट धरलं आणि ठिपक्यांवरून हळूहळू फिरवलं. "गोदावरी."

"आन् याच्यावर?"

"तेबी गोदावरीच. माह्या मायनं देलं."

जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी चपला घातल्या. त्यानंतर मी दुर्पताबाईला पुन्हा पाहिलं नाही, ती पुढच्या चैतात गेली. त्या दिवशी दारातून मागं वळले तेव्हा दोघींची डोकी त्या गुंडावर वाकलेली होती आणि दुर्पताबाई, बोट न उचलता, म्हणत होती, "नाव तं नावच हाय, पन विहीनबाई, नक्षी चांगली हाय."